पावलांचा दगड

१

दगड चोरीला गेला होता, आणि चोर कोण ते फलकावर लिहिलेलं होतं.

फलक अजून लागला नव्हता. कचेरीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, वरचा कागद अर्धा फाटलेला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून सूनबाईने मोठ्याने वाचला. "समुद्रदेवीच्या या प्राचीन स्थानाच्या दारात एक दगड होता. दर्यावर्दींच्या बायका त्यावर उभ्या राहून परतणाऱ्या गलबतांची वाट बघत. शेकडो वर्षांत त्यावर दोन पावलांचे खळगे पडले. एकतीस वर्षांपूर्वी, दुरुस्तीच्या काळात, पहारेकऱ्याच्या संगनमताने हा दगड चोरीस गेला."

"संगनमताने," ती परत म्हणाली. "कुणाशी? ते लिहिलंच नाही."

माझी सून विमा कंपनीत दावे तपासते. जळालेली दुकानं, हरवलेले दागिने. दिवसभर लोकांचं खोटं ऐकून घ्यायचं हेच तिचं काम. घरी मीठ संपलं तरी आधी विचारते, शेवटचं कुणी वापरलं.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. दरवर्षी एकदा ती म्हणायची, "जायचं का हो तिकडे?" मी म्हणायचो, "दगड बघायला एवढ्या लांब कोण जातं? जन्मभर दगडच बघतोय." लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी इथे पंचेचाळीस दिवस काम केलं होतं. मी दगडाचा मिस्त्री, ती माझ्या हाताखाली. चुना कालवायची, पाणी वाहायची. ती गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आईंची एवढी इच्छा होती तर चला, मी नेते." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. इथे आलो त्या दिवशी मी काय काय बोललो नाही, ते पुढे येईल. लपवणार नाही.

तिथे बघण्यासारखं फार नाही. गुडघाभर भिंती, चार खांबांचे बुंधे, एक दार, आणि दारापासून समुद्राकडे उतरणाऱ्या बारा पायऱ्या. सूनबाई तिसऱ्या पायरीवर घसरली. मी तिचा दंड धरला.

"झिजलेली पायरी पाण्यापेक्षा वाईट," मी म्हणालो. "उलटून टाकावी लागते. आपल्या दाराची टाकली तशी."

बोललो आणि गप्प झालो.

आम्ही परत फाटकाशी आलो तेव्हा तिथे भांडण चाललं होतं. फाटकाबाहेर जाळी विणत बसणारा एक म्हातारा, आणि आतून तरुण अधिकारी.

"साहेब, तेवढी एक ओळ काढा."

"आजोबा, फाइलमध्ये आहे तसंच लिहिलंय. मी काय मनाने लिहितोय का?"

"फाइल लिहिणारा मेला. मी जिवंत आहे."

"सोमवारी फलक लागणार. तोवर पुरावा आणा, ओळ काढतो. माझा शब्द."

"एकतीस वर्षं आणतोच आहे की," म्हातारा म्हणाला. मग त्याची मान वळली. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मिस्त्री?" तो म्हणाला.

२

त्याने मला बसायला स्वतःचा स्टूल दिला. स्वतः जाळ्याच्या ढिगावर बसला. आम्ही इथे कामाला होतो तेव्हा याला काळ्याभोर मिशा होत्या आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा.

"वहिनी कुठायत?"

"गेली. आठ महिने झाले."

"अरेरे." त्याने सुई जाळ्यात खोचली. "फार चांगली बाई. माझ्या डब्यात कालवण घालायची. तुम्हाला आठवतंय?"

आठवत होतं.

सूनबाईला असल्या गोष्टींत धीर नसतो. "काका, फलकावरचा पहारेकरी तुम्हीच ना? मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

"कशाला गं," मी म्हणालो. "त्यांना त्रास. आपण निघू, ऊन चढतंय."

"बाबा, तुम्ही सावलीत बसलाय."

म्हातारा हसला. मग सांगू लागला. दुरुस्तीसाठी दार आणि अंगण इथले सगळे दगड उचलले होते. ज्या संशोधकांच्या देखरेखीखाली काम होतं, त्यांनी प्रत्येक दगडावर लाल रंगाने आकडा घातला. पावलांच्या दगडाचा आकडा सतरा. सगळे कोठीपाशी रांगेत मांडले. मग संशोधक तापाने पडले, दहा-बारा दिवस. त्यात अवकाळी पाऊस येऊन निम्मे आकडे धुऊन गेले. ते परत आले, काम संपलं, मिस्त्री लोक पांगले, आणि दारातली खाच तेवढी उरली म्हणून बघतात तर सतरा नंबर नाही.

"मिस्त्री किती होते?"

"चौघं. हे त्यांतलेच. पण चौकशी बसली तोवर कोण कुठे गेलं कोणास ठाऊक. हाताशी मी एकटा. फाटकाची किल्ली माझ्याकडे. मग काय, चोर सोडून संन्याशाला सुळी." त्याने दोरा दाताने तोडला. "नोकरी गेली, खोली गेली. पोलिसांना काही सापडलं नाही म्हणून तुरुंग चुकला, एवढंच. त्या दिवसापासून मी या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. पोरं अजून दगडचोर म्हणतात. आधी बापांनी म्हटलं, आता त्यांचीच पोरं."

"दगड केवढा होता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दगडवाला, म्हणून.

"पावणेतीनशे किलो," मी म्हणालो. "जरा जास्तच."

सूनबाई उठून उभी राहिली. "पावणेतीनशे किलोचा दगड एका माणसाने कुठे आणि कसा नेला? रस्त्याने?"

"रस्ता तेव्हा नव्हताच. साहेब लोक म्हणाले, होडीने."

"होडी कुणाची?"

म्हाताऱ्याने सुईनेच किनाऱ्याकडे दाखवलं. "तो बघा. अजून जिवंत आहे. अजून खोटारडा आहे. पण याबद्दल नाही."

३

होडीवाला एका पालथ्या होडीला डांबर फासत होता. सूनबाईचा प्रश्न ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला.

"पोरी, त्या महिन्यात समुद्र असा होता की सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. माझी सासू आमच्याकडे सहा आठवडे अडकली होती. पलीकडे सोडता येईना. मी दगड नेऊ शकलो असतो, तर आधी सासू नेली असती."

"हे चौकशीत सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तू त्याचा मित्र. मी म्हटलं, सासूला विचारा, ती कुणाचीच मित्र नाही."

सूनबाई हसली, पण डोक्यात आकडेमोड चालू होती, मला दिसत होतं. रस्ता नाही, होडी नाही. म्हणजे मागे उरली ती या देवस्थानाचीच चार एकर जागा.

"तुमच्यावर मुकादम कोण होता, बाबा?"

"असेल कुठेतरी. आता काय तो..."

"पोस्टामागे राहतो," होडीवाला म्हणाला. "कानाला यंत्र लावलंय. ओरडू नका, चिडतो."

मुकादम अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मला त्याने ओळखलं नाही. चौघांपैकी एक होतो, एवढंच. सूनबाईने विचारलं तसा तो फुशारून गेला. माझ्या कामात एक दगड इकडचा तिकडे होत नसे म्हणाला.

"पण एक गेला ना?"

"तो पहारेकऱ्याने नेला. माझ्या मिस्त्र्यांनी नाही. रांगेतले सगळे दगड लागले. शेवटच्या दिवशी कोठीपाशी जमीन मोकळी होती. एक तुकडा शिल्लक नाही. काम असं असतं."

"एकही उरला नाही?"

"एकही नाही."

"आणि बाहेरून नवे किती आणले?"

"एक. तोही नंतर, दारात खाच राहिली म्हणून. घडवून घेतला. बाकी सगळं जुनं ते जुनं."

ती त्याला नमस्कार करून निघाली. पोस्टाच्या कोपऱ्यावर थांबली.

"बाबा, दगड कमी पडला, तर तो कुठेतरी दिसायला हवा. दारात दिसला, तिथे नवा घातला. ठीक. आता मला सांगा, काम सुरू व्हायच्या आधीच एखादी जागा फुटकी असेल, तर तिथला दगड कुठून आला?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

माझ्या मुलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी तिच्याशी सरळ सरळ खोटं बोललो ते हे पहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ऊन लागलंय मला, असं तिला वाटलं असावं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

४

अधिकारी चांगला मुलगा होता. त्याने जुन्या फोटोंचं पाकीट टेबलावर पालथं केलं. "हे दुरुस्तीच्या आधीचे. कुणी बघत नाही."

सूनबाईने एकेक फोटो उजेडात धरला. मी खिडकीशी उभा राहिलो. बाहेर समुद्र होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

"साहेब, हे मोजा. समुद्राकडच्या पायऱ्या."

"बारा."

"सहावी बघा."

तो फोटोवर वाकला. "फुटलेली आहे. मधून दोन तुकडे."

"आज चला बघायला."

आम्ही तिघं पायऱ्यांशी गेलो. सूनबाई वाकून एकेका पायरीवर हात फिरवत खाली उतरली. सहावीपाशी बसली.

"अखंड आहे. नवीन दगड एकच आणला आणि तो दारात आहे. मग ही कुठून आली?" तिने पाचवीवर हात ठेवला. "ही मधे झिजलेली. सातवीही तशीच. ही मात्र सपाट. आणि यावर टोचे मारल्यासारख्या खुणा आहेत."

"टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या," अधिकारी म्हणाला. "दगडाच्या खालच्या बाजूला अशाच सोडतात. वरची बाजू तेवढी घोटतात." मग त्याचा आवाज बदलला. "म्हणजे ही पालथी आहे."

"माझे सासरे मिस्त्री. आमच्या दाराची पायरी झिजली तेव्हा त्यांनी ती उलटून बसवली. मिस्त्री लोक करतातच तसं. वरून झिजली तर खालची बाजू कोरी मिळते." ती बोलता बोलता उभी राहिली. "रांगेत एक दगड पायरीच्या मापाचा, मधे दोन खळगे पडलेला. आकडा पावसाने पुसट झालेला. कुणीतरी मिस्त्री आला, त्याला सहाव्या जागी पायरी हवी होती. त्याला वाटलं, झिजलेली पायरी आहे. उचलली, उलटली, बसवली. साहेब, दगड चोरीला गेलाच नाही. एकतीस वर्षं लोक त्याच्यावरून चालतायत."

अधिकाऱ्याने दोन मजुरांना हाक मारली. ते पहारी घेऊन आले. एकाने उजव्या कडेला पहारीचं टोक लावलं.

"तिकडून नको!" मी म्हणालो. "उजवीकडे खाली फुटक्या पायरीचा तुकडा दडपलाय, पहार बसणार नाही. डावीकडून घाल."

मजुराने पहार डावीकडे नेली. ती अलगद आत गेली.

अधिकाऱ्याच्या काही लक्षात आलं नाही. सूनबाई मात्र माझ्याकडे वळली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. फक्त आता त्याला काही अर्थ उरला नव्हता.

५

तिने मला दाराच्या भिंतीआड नेलं.

"बाबा, खाली काय आहे ते तुम्हाला कसं माहीत?"

मी भिंतीवरचा चुना नखाने खरवडू लागलो.

"तुम्हीच बसवलीत."

"हो."

"चुकून."

"बसवली चुकून," मी म्हणालो.

दाव्यांची तपासनीस ती. अर्धं वाक्य तिला लगेच ऐकू येतं. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग अगदी हळू म्हणाली, "मी इथेच थांबू शकते. दगड सापडला. काकांची ओळ निघेल. कुठल्या मिस्त्रीने बसवला हे कुणी विचारणार नाही. चौघं होतात. मुकादमाला तर तुमचा चेहराही आठवला नाही. तुम्ही सांगाल तसं."

सुनेने सासऱ्याला पळवाट दाखवावी आणि सासऱ्याने तिच्याकडे बघावं. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तरी मी म्हणालो, "बरं."

आम्ही परत आलो तेव्हा दगड उलटलेला होता. एका मजुराने बादलीभर पाणी ओतलं. माती गेली. दोन खळगे वर आले, टाचा खोल, बोटांकडे उथळ. समुद्राकडे तोंड करून कुणी अजून उभं असावं असे. कडेला लाल रंगाचा पुसट सतरा. खालच्या बाजूला राहिल्यामुळे तेवढा तरी उरलेला.

अधिकारी स्वतः धावत फाटकापर्यंत गेला. म्हातारा आत यायला तयार नव्हता. "लेखी द्या," तो म्हणत होता. शेवटी अधिकाऱ्याने त्याचा हात धरून आणला. म्हातारा पायऱ्यांच्या वरच उभा राहिला. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. हातात जाळ्याची सुई तशीच होती.

मग तो माझ्याकडे आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

"मिस्त्री, देवमाणूस तुम्ही. तुमच्या सुनेने... तुम्ही आलात म्हणून झालं हे. नाहीतर मी चोर म्हणूनच मेलो असतो. तुमचे उपकार..."

"सोडा," मी म्हणालो. "हात सोडा माझे."

त्याने सोडले नाहीत.

"मी बसवला तो," मी म्हणालो. "मी उलटा केला."

"चुकून झालं असेल," म्हातारा घाईने म्हणाला. "चुका होतात हो."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. त्यानेच माफ करून टाकलं होतं.

"तेवढंच नाही," मी म्हणालो. "बायको म्हणाली होती. तेव्हाच. मी पहार लावली तेव्हा ती चुन्याचं घमेलं घेऊन मागे उभी होती. म्हणाली, अहो, ही झीज नाही, ही पावलं आहेत, डावं-उजवं दिसतंय बघा. मी म्हणालो, तू चुन्यात पाणी घाल. मुकादमाने दोन दिवसांत पायऱ्या संपवायला सांगितलं होतं. बाईमाणसाचं ऐकून काम थांबवायचं, हे काय जमलं नाही."

मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर परत बोललो नसतो.

"चार महिन्यांनी आम्ही दुसऱ्या गावी कामावर होतो. तिला वाचता यायचं. पेपरात बातमी आली, दगड चोरीला, पहारेकरी काढला. तिने मला वाचून दाखवली. म्हणाली, चला, सांगून येऊ, त्या भाऊंची नोकरी गेली. मी म्हणालो, आपण कशाला मधे तोंड घालायचं? माझं नाव खराब झालं तर मला कोण काम देईल? ती दरवर्षी विचारायची, जायचं का तिकडे. सूनबाईला वाटलं, सासूला समुद्र बघायचाय. मला माहीत होतं तिला काय बघायचंय. मी दरवर्षी नाही म्हणालो. तीस वेळा."

म्हाताऱ्याने माझे हात सोडले. फेकले नाहीत. नुसते सोडले, जाळ्यातून गाठ सुटावी तसे.

सूनबाई समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. सासूवर तिचा फार जीव होता.

"मला काय सांगता?" म्हातारा शेवटी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी चोरला नाही हे मला माहीतच होतं. घरी चला."

"घरी?"

"माझ्या बायकोला सांगा."

६

तो पुढे चालला, मी मागे. सूनबाई येते म्हणाली, मी तिला नको म्हटलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली होती. दार उघडं होतं. त्याची बायको जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"हे बघ कोण आलंय," तो म्हणाला. "ऐक."

आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी परत सगळं सांगितलं. पायरी, चुना, पेपर. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. ती शेंगा सोलत होती. मधेच तिचे हात थांबले आणि परत सुरू झाले.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुमच्या बायकोला सगळं माहीत होतं?"

"हो."

"तुम्ही गप्प बसलात, हेही?"

"हो."

"आणि तरी ती तुमच्याजवळ राहिली?"

"शेवटपर्यंत."

तिने सोललेले दाणे एका बाजूला सारले. "मीही राहिले," ती म्हणाली. "यांनी चोरी केली असं समजून. पहिल्या वर्षी हे रोज सांगायचे, मी नाही गं केली. मी म्हणायचे, बरं. एकदाही असं म्हटलं नाही की मला पटलं. मग यांनी सांगायचं सोडलं."

म्हाताऱ्याची पाठ हलली नाही.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. माझ्याकडे न बघता खोली ओलांडून त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. हात उचलला, पण त्याच्या खांद्यावर ठेवायचं तिला धाडस होईना. हात तसाच हवेत राहिला.

"तुम्ही सांगत होतात," ती म्हणाली.

"सांगत होतो," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत या, असं मला कुणी म्हणालं नाही. जा, असंही कुणी म्हणालं नाही. म्हणून उभा राहिलो.